झग्याखालची पावलं

सेव्हिल, ऑगस्टअखेर

तीर्थस्वरूप मेल्चोरदादा यांस,

धाकट्या लिओकाडियाचा वाकून नमस्कार. तुमच्या घाण्यातून तेल उदंड निघो आणि वहिनींचे गुडघे निदान थंडीपर्यंत गप्प राहोत. तुमचं पत्र पोचलं. नवरा अंथरुणाला खिळला, आता तलवारीची तालीम बंद कर, एसिखाला आमच्याकडे येऊन राहा, बाईने तलवार शिकवली तर घराण्याचं नाक कापलं जाईल, हे सगळं तुम्ही तीन पानांत लिहिलंत. माझं उत्तर एका शब्दाचं आहे : नाही. (एवढ्यावरच थांबणार होते, पण कागद मोठा निघाला.)

वीस वर्षं तालमीच्या फरशीवर मी रिंगण आखते आहे. आमच्या विद्येत समोरच्यावर धावून जायचं नाही आणि सरळ मागेही हटायचं नाही. पाठ ताठ ठेवून रिंगणाच्या कडेकडेने सरकायचं. तो तलवार वळवेपर्यंत आपण त्याच्या बगलेला पोचलेलो असतो. आमचे हे, बाल्तासार, शिकवायचे, मी खडूच्या रेघा ओढायचे, आणि ते गेल्यावर (जेवायला गेल्यावर, जगातून नव्हे) त्याच रेघांवर एकटी चालून बघायचे. जूनमध्ये अर्धांगाने त्यांची डावी बाजू गेली. दुसऱ्या दिवशी सहा शिष्य टोप्या हातात धरून मयताला आल्यासारखे दारात उभे. मी म्हटलं, बूट पुसा आणि आत या.

अडचण एकच होती. माझा झगा जमिनीला टेकतो, त्यामुळे शिष्यांना पावलंच दिसेनात. झगा वर धरावा, तर शेजारची कातालिना खिडकीत बसलेली असते आणि तिचा रविवार पाद्रीबाबांच्या कानाशी जातो. शेवटी मी बुटांच्या तळव्यांना पीठ फासलं. मी चालायचे, फरशीवर ठसे उमटायचे, आणि पोरं ठशांवर पाय ठेवत मागून यायची. तालमीचा भटारखाना झाला, पण सहाही जण जन्मात पहिल्यांदा नीट चालू लागले.

मग परवाने तपासणारे मोठे वस्ताद ओसोरियो आले. (कातालिनानेच कळवलं असणार.) म्हणाले, ज्याला उभं राहता येत नाही त्याच्या नावावर तालीम चालत नाही, कुलूप लावा. मी म्हटलं, आधी जी उभी आहे तिच्याशी दोन हात करा. ते हसले आणि बोथट तलवार उचलली. मी तळव्यांचं पीठ पुसून टाकलं. आता दादा, समोरच्याचा पुढचा डाव त्याच्या पायांवरून ओळखतात. ओसोरियो माझे पाय शोधू लागले. इकडून वाकले, तिकडून वाकले. पन्नाशीचा दाढीवाला माणूस परक्या बाईच्या झग्याच्या काठाकडे डोळे फाडून बघतोय आणि खिडकीत कातालिना! शरमून त्यांनी मान वर केली, तेव्हा माझ्या तलवारीचं टोक त्यांच्या गळपट्टीवर होतं. गडबडून ते सरळ मागे हटले, जे आम्ही पहिल्याच दिवशी करू नका म्हणून सांगतो, आणि पाण्याच्या रांजणात जाऊन बसले.

तिघांनी ओढून काढल्यावर ते म्हणाले, "बाई, पावलं खरी आहेत तुमची. पण कागदावर बाईचं नाव चालत नाही." मी म्हटलं, मग कागद बदला. कागद बदलला नाही, पण कुलूपही लावलं नाही.

दादा, मी इथून हलणार नाही. बाल्तासार पलंगावर पडून भिंतीपलीकडची पावलं ऐकतात आणि एखादं चुकलं की चांगल्या हाताने काठी आपटतात. ते आवाज बंद झाले तर हा माणूस कशासाठी जगेल? घराण्याचं नाक तुम्ही सांभाळा. मला हे घर सांभाळायचं आहे.

तुमची,
लिओकाडिया

ता. क. कागदावर घरातल्या एका पुरुषाचं नाव लागतं. मी तुमचं दिलं आहे. तेव्हा सेव्हिलचे वस्ताद मेल्चोर दे अरोयो आता तुम्हीच. सप्टेंबरअखेर, सान मिगेलच्या सणाच्या दिवशी ओसोरियोंपुढे फक्त बारा पावलं चालून दाखवायची आहेत. नकाशा सोबत जोडला आहे. घाण्याभोवती तुमचं खेचर चालतं तसंच, पण मान ताठ. वहिनींना मोजायला बसवा.

आणखी एक. हे ह्यांना सांगितलं, तेव्हा जूननंतर पहिल्यांदा हसले, इतके की तोंडाची मेलेली बाजूही जराशी हलली. आता तुम्हाला यावंच लागेल, दादा.