तेहतीसचं गाणं, पंचेचाळीसवर

डुलुथ, ६ मार्च १९९२

ती. एल्माआत्यास, रुडीचा सा. न. वि. वि.

आत्या, आमची रेकॉर्ड आली! तीनशे तबकड्या, चार खोकी. पोचवणाऱ्याने विचारलं, दगड मागवलेत का? तुझ्या स्वयंपाकघराच्या भिंतीचा उरलेला कागद पाकिटांना अगदी पुरला. मी, ड्रम वाजवणारा मार्व आणि बेसवाला क्लेटन तीन दिवस कात्री-खळ घेऊन बसलो होतो. एका पाकिटावर तुझी निळी किटली अख्खी, दुसऱ्यावर नुसती तोटी. पाठीमागे पत्ता तुझा छापलाय. आमचं काय, आज याच्या जमिनीवर झोपतो, उद्या त्याच्या. तू मात्र जन्मभर ईलीत, त्याच घरात. तेव्हा ‘लेट आइस’ या बँडची कचेरी म्हणजे आता तुझी पत्रपेटी.

मधल्या गोल लेबलावर मी एक अक्षर छापू दिलं नाही. बटाट्यात कोरलेल्या माशाचा ठसा, बस्स. मार्व म्हणत होता, नाव-गाव काहीतरी असू दे. मी म्हटलं, ही काय साबणाची वडी आहे?

आता खरी गोष्ट. कॉलेज अर्ध्यावर सोडलं, ते सुटलं; पण कॉलेजच्या रेडिओवरची जोनेल काही सुटत नाही. दर मंगळवारी चारला तिचा कार्यक्रम असतो. ‘बर्फ निघेल तेव्हा’ हे गाणं तिच्यासाठीच आहे. सहा मिनिटांचं, संथ, आपल्या तळ्यासारखं. समोर उभं राहिलं की माझी जीभ टाळ्याला चिकटते, म्हणून सगळं गाण्यात सांगितलंय, तिच्या लाल हातमोज्यांसकट. काल रेकॉर्ड तिच्या हातात कोंबली आणि पळालो. मंगळवारी ती लावेल, शब्द ऐकेल, तिला कळेल. मग मी जगलो तरी चालेल, मेलो तरी.

बाबा अजून माझ्याशी बोलत नाहीत. तू बोलतेस, ते बंद करू नकोस.

खळीने बोटं चिकटलेला,
रुडी

*

ईली, ९ मार्च

चि. रुडीस, एल्माआत्याचे अ. आ.

रेकॉर्ड मिळाली. किटली छान दिसते. लगेच लावली, तर आत एक खार गात होती. मला वाटलं, शहरात हल्ली हेच चालत असेल. मग सुई उचलली, वेगाचा खटका मिनिटाला पंचेचाळीस फेऱ्यांवरून तेहतीसवर सरकवला, आणि माझा भाचा सापडला. गाणं ऐकून चष्मा पुसावा लागला, एवढंच सांगते.

पण गाढवा, लहान तबकडी म्हटली की सगळं जग ती पंचेचाळीसवरच लावतं! गाणं मावावं म्हणून तुम्ही ती तेहतीसवर करून घेतली असेल, ते ठीक. ते लेबलावर लिहायला नको? मी मुरंब्याच्या बरणीवरसुद्धा फळ आणि तारीख लिहिते. त्या मुलीला आधी सांग. हे पत्र तिथल्या पोस्टात जाऊन तू उचलशील ते बुधवारी, म्हणजे उशीरच. फोन करावा, तर तू कुणाच्या जमिनीवर आहेस ते देव जाणे.

तुझ्या बापाशी मी बोलते. तो चिडका आहे. कुणावर गेलास, ते कळलंच असेल.

मायेत उणं पडू न देणारी,
आत्या

*

डुलुथ, १० मार्च, संध्याकाळ

ती. आत्यास, सा. न.

सगळं संपलं. आम्ही तिघं कॉलेजसमोर व्हॅनमध्ये रेडिओ लावून बसलो होतो. जोनेलने रेकॉर्ड पंचेचाळीसवर लावली. सहा मिनिटांचं गाणं साडेचारात आटोपलं. मी गळा आवळलेल्या बदकासारखा ओरडतोय, आणि शब्द? एकही कळत नाही! माझं अख्खं काळीज, आणि त्याची झाली लग्नात नाचायची पोल्का. वर ती हसत म्हणाली, की या हिवाळ्यातलं हे सगळ्यात आनंदी गाणं आहे. आणि पुन्हा लावलं!

मी जिने चढून थेट तिच्या स्टुडिओत घुसलो. दारावर प्रक्षेपण चालू असल्याचा लाल दिवा होता, तो मला दिसला नाही. तिने गाण्याचा खून केला, ती ठार बहिरी आहे, असं बरंच काही बोललो. ते सगळं गावाने ऐकलं. वेग चुकलाय, एवढं एकच सांगायचं राहून गेलं.

खाली मार्व आणि क्लेटन पोट धरून हसत होते. क्लेटन म्हणाला, की आता आपण ते असंच वाजवू या. मी तिथल्या तिथे बँड मोडला आणि तडक चालू लागलो. कोट व्हॅनमध्येच राहिला. चार मैल चाललो, आत्या. नाक अजून जागेवर आलेलं नाही.

तू तरी हसू नकोस.
रुडी

*

ईली, २ एप्रिल

चि. रुडीस, अ. आ.

हसले. मग बाकीचं ऐक. माझ्या पत्रपेटीत आजवर एकतीस पत्रं आली आहेत. ओमाहा, लॉरेन्स, पार पश्चिमेला ऑलिंपिया. तुम्ही देशभरच्या कॉलेज रेडिओंना रेकॉर्ड पाठवल्या होत्या ना? सगळ्यांनी पंचेचाळीसवर लावली. एका मुलीने लिहिलंय, की आजारपणात महिनाभर अंथरुणावर होते, तुमच्या गाण्याने उठून नाचले. हे पत्र तू तीनदा वाच. टपालवाली विचारते, एल्मा, या वयात तुझं काय चाललंय?

एक्कावन्न सालच्या हिवाळ्यात आमच्या नाचाच्या हॉलची भट्टी बंद पडली होती. लोक कोट घालून गारठलेले. मी स्वतः बांधलेला संथ वॉल्ट्झ काढला, तर कुणी हलेना. शेवटी रागाने तोच अकॉर्डियनवर दुप्पट वेगाने बडवला. सगळा हॉल नाचला, आणि तुझ्या आर्विडकाकांनी नाचता नाचता खुर्ची मोडली. ती खुर्ची दुरुस्त करायच्या निमित्ताने ते आमच्या घरी आले, ते कायमचेच. लोक नाचले म्हणून गाणं मरत नाही, बाळा.

तेव्हा नाक मुठीत धर, मित्रांकडे जा आणि कोट मागून घे. मी आणखी एकीला एक पत्र टाकलंय. कुणाला, ते विचारू नकोस.

गुडघा दुखतोय, नाहीतर स्वतः कान धरायला आले असते.
आत्या

*

डुलुथ, २० एप्रिल

ती. आत्यास, सा. न. वि. वि.

मार्वच्या दारात उभा राहून माफी मागायला तोंड उघडलं, तर त्याने आधी कोटच अंगावर फेकला. क्लेटन आतून ओरडला, की बँड मोडल्याचं त्याला कुणी लेखी कळवलेलं नाही.

शनिवारी बोलिंग क्लबच्या हॉलमध्ये वाजवलं. दोनेकशे माणसं असतील. शेवटी ‘बर्फ निघेल तेव्हा’, पंचेचाळीसच्या वेगाने! गाताना श्वास घ्यायला जागा नव्हती. जमीन हलत होती, आत्या. मागे दाराशी बाबा उभे होते, टोपी हातात. त्यांचा पाय हलत होता. ते म्हणतात, पायाला मुंग्या आल्या होत्या.

आणि पुढच्याच रांगेत जोनेल. त्या उकाड्यातही लाल हातमोजे घालून.

संपल्यावर ती आली. म्हणाली, की आधी बहिरी म्हटल्याची माफी माग. मागितली. तशीच दारावरचा दिवा न पाहिल्याचीही मागायला लावली. मग तिने तुझं पत्र दाखवलं. एकच ओळ! ‘खटका तेहतीसवर कर, दार लाव आणि एकटी ऐक.’ तिने अकरा वेळा ऐकलं होतं. माझी जीभ टाळ्याला चिकटली, पण आता सांगायचं काही उरलंच नव्हतं. तिनेच ठरवून टाकलं, की गावाने पंचेचाळीसवर नाचावं, तेहतीस कुणाला सांगायचं नाही.

आता आणखी पाचशे तबकड्या काढतोय. मार्व म्हणतो, या वेळी तरी लेबलावर वेग छापू या. मी म्हटलं, अजिबात नाही, नुसता मासाच. फक्त एका तबकडीवर, माशाच्या पोटात, मी पेनाने बारीक ‘३३’ लिहिलंय.

ती कुणाकडे आहे, ते विचारू नकोस.

भिंतीचा कागद अजून असला तर पाठव, आणि लोभ आहे तसाच, संथ वेगाने, चालू दे.

तुझा,
रुडी