हवेत हरवलेली कवळी

तीर्थरूप मामा,

आज माझे दोन्ही पाय जमिनीवर आहेत, त्यामुळे वाकून केलेला नमस्कार थेट तुमच्या पायांपर्यंत पोहोचेल अशी आशा आहे. (हवेतून केलेला वाऱ्यावर जातो.) तुमची कंबर कशी आहे? दिवसभर दुसऱ्यांच्या तोंडात वाकून बघणाऱ्याची कंबर धरायचीच, पण म्हणून मामींनी आणलेला पट्टा कपाटात ठेवून कंबर बरी होत नाही. मामींचा गुडघा, धाकट्याची परीक्षा आणि तुमच्या दवाखान्याच्या पायरीवर बसून पेशंटला घाबरवणारं ते एकडोळं मांजर, सगळ्यांची खुशाली कळवा. मी मजेत आहे. वेळेवर जेवते, वेळी-अवेळी झोपते. पत्राला तसं कारण काहीच नाही. पण परवा विमानात जे घडलं त्यात मुख्य पात्र दात आहेत, आणि आपल्या घराण्यात दातांच्या गोष्टी तुमच्याशिवाय कुणाला सांगायच्या?

तुम्हाला वाटत असेल, विमानातली नोकरी म्हणजे ओठांना रंग लावायचा, हसायचं आणि पाणी द्यायचं. हसावं लागतं हे खरं. परवा एका गृहस्थांनी विमान जरा हललं की मला बोलावून "ड्रायव्हर नवीन आहे का?" असं विचारायचा सपाटा लावला होता, तेव्हाही मी हसतच होते. एका आजींनी डोक्यावरचं बटण दिव्याचं समजून सारखं दाबलं. प्रत्येक वेळी मी धावत गेले की त्या म्हणायच्या, "किती गं मनकवडी! आत्ता तुझीच आठवण काढली." त्यांना खरं सांगायचा मला धीर झाला नाही. पण हसून सगळंच निभावत नाही. मागच्या महिन्यात विमान उडालं, त्याबरोबर माझ्या हातातलं सूपही उडालं आणि एका पांढऱ्या पॅंटवर उतरलं. पॅंटवाल्यांनी तक्रार केली. मी नोकरीत अजून पक्की झालेली नाही, त्यामुळे आमच्या मुख्य बाईंनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "आणखी एक तक्रार आली, तर तू कायमची जमिनीवर." (या बाईंना आम्ही पाठीमागे 'हवामान' म्हणतो. सकाळी त्यांचा चेहरा बघून दिवस कसा जाणार ते कळतं.) मामा, मला जमिनीचा राग नाही. पण ही नोकरी मी किती मारामाऱ्या करून मिळवली ते तुम्हाला ठाऊक आहे.

तर परवा सकाळच्या विमानात एक काका चढले. उंच, ताठ, अंगात जाड कोट, मिशा अशा की त्यांना वेगळं तिकीट काढायला हवं होतं. बसल्यापासून स्वतःशीच पुटपुटत होते. शेजारची विणकाम करणारी बाई घाबरून खिडकीला चिकटली. मी जवळ गेले तर मला म्हणाले, "मुली, जरा ऐक आणि सांग, लागतंय का ते." आणि माझ्याकडे डोळे वटारून म्हणाले, "मला तुझं तोंड बघायची इच्छा नव्हती! वहिनीने बोलावलं म्हणून आलो!"

मी दोन पावलं मागे सरकले. मग उलगडा झाला. हे चार शब्द माझ्यासाठी नव्हते, त्यांच्या सख्ख्या मोठ्या भावासाठी होते. कित्येक वर्षं दोघांचं बोलणं बंद. भाऊ आता थकलेत, म्हणून वहिनींनी गळ घालून बोलावलं होतं, आणि भाऊ विमानतळावर घ्यायला येणार होते. काकांनी ठरवलं होतं, आधी तिथेच सुनावायचं, मग घरात पाऊल टाकायचं. "लागतंय," मी म्हणाले. "फार लागतंय." काका खूश झाले. मग जेवण झाल्यावर त्यांना उकडायला लागलं, म्हणून त्यांनी कोट काढून माझ्याकडे दिला. मी तो पुढच्या कपाटात टांगला आणि ट्रे गोळा करून ट्रॉली मागे नेली.

थोड्या वेळाने बघते तर काका टॉयलेटच्या दाराशी तोंडावर रुमाल धरून उभे. डोळे भरलेले. मला बघताच म्हणाले, "माझे आत आहीत!"

आता मला सांगा, यातून कुणालाही काय कळेल? मला वाटलं, यांच्या घरचं कोणीतरी आत अडकलंय. आहेत म्हणाले म्हणजे मोठंच माणूस असणार. मी दारावर टकटक केली. उत्तर नाही. काका कासावीस होऊन पुन्हा, "माझे आत आहीत!" मी जोरात ठोकलं आणि ओरडले, "घाबरू नका, तुमची माणसं बाहेर आहेत!" दार उघडलं आणि अर्धी दाढी केलेले एक आडवेतिडवे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी काकांकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "मी यांचा कुणी नाही." मग उरलेली दाढी करायला परत आत गेले.

तेव्हा काकांनी हताश होऊन रुमाल बाजूला केला आणि तोंड उघडलं. मामा, तुम्ही रोज बघता, तुम्हाला काय त्याचं! पण एवढ्या भारदस्त मिशांखाली नुसतं बोळकं बघून माझीच दातखीळ बसली. बिचारे "माझे दात नाहीत" म्हणत होते. दातांबरोबर शब्दांच्या सुरुवातीचे त, द आणि न हेही गेले होते. (तुम्ही शास्त्र काढाल की न हा हिरड्यांवरही येतो. शांत माणसाला येत असेल. हे काका चिडलेले होते, घाबरलेले होते आणि वर रडवेले झाले होते.) 'कवळी' म्हणाले असते तर मला पटकन कळलं असतं, कारण त्या शब्दात या तिन्ही अक्षरांचं कामच नाही. पण कवळी आहे हे कबूल कसं करायचं? त्यांच्या मते ते दातच होते.

हातवारे करून त्यांनी सांगितलं ते असं : पावाचा तुकडा अडकला म्हणून दात काढले, कागदी रुमालात गुंडाळून ट्रेवर ठेवले, आणि ट्रे नेला कोणी? मी.

मी तशीच मागे पळाले. विमानाच्या मागच्या टोकाला आमचं वीतभर स्वयंपाकघर असतं. तिथे मी हातमोजे घालून जमिनीवर बसले आणि एकेक ट्रे उपसायला लागले. मामा, लोक काय काय टाकतात! लहान मुलाचा एक मोजा निघाला, एक चालू मोबाईल निघाला (विमान खाली यायला लागलं होतं, म्हणून तो वाजलाही, पलीकडून कोणीतरी "पोहोचलास का?" विचारत होतं, मी "अजून नाही" म्हणून ठेवून दिला), बांगडीचा अर्धा तुकडा निघाला. प्रत्येक चुरगळलेला रुमाल मी अशा आशेने उलगडत होते, की लहानपणी वाढदिवसाची भेटही तशी उलगडली नसेल. दात काही निघेनात. 'हवामान' माझ्या डोक्यावर उभं राहून एकेक ट्रे मोजून घेत होतं. मधूनच काका पडदा सारून डोकावायचे आणि म्हणायचे, "अक्रार करणार!" त्यांना शांत करावं म्हणून मी भांडणाचं कारण विचारलं. ते त्यांनी दोनदा, अगदी पोटतिडकीने सांगितलं, पण मला त्यातलं 'शिडी' एवढंच कळलं. कोणाची शिडी, कोणी नेली, कोण पडलं, देव जाणे. तेवढ्यात पट्टे बांधायचा दिवा लागला आणि आम्ही उतरलो.

बाईंनी फर्मान काढलं, "तूच जा त्यांच्याबरोबर. बाहेर तक्रारीच्या खिडकीपाशी मान खाली घालून उभी राहा, आणि एक अक्षर बोलू नकोस." मी निघाले. काका पुढे, रुमाल तोंडावर. मी मागे, मान आत्तापासूनच खाली. मनात मी गणवेश परत करत होते, आईला काय सांगायचं ते ठरवत होते. मध्येच काका थांबले. मला वाटलं, खिडकी आली. मान वर केली, तर समोर कठड्यापलीकडे हुबेहूब तशाच मिशा, फक्त पांढऱ्या, आणि खाली काठी. शेजारी वहिनी असाव्यात. त्यांनी पदराचं टोक मुठीत घट्ट धरलं होतं.

दोघे भाऊ एकमेकांकडे बघत राहिले. लोक सामान ढकलत बाजूने जात होते. मला वाटलं, काका आता दातांअभावी तसेच वळून परत जातील. पण गडी हट्टी. रुमाल खिशात कोंबला, ताठ झाले आणि सगळं बळ एकवटून, अख्ख्या विमानतळाला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले,

"मला उझं ओंड बघायची इच्छा व्हती!"

मामा, न गेला. नेमका तोच गेला.

मोठ्या भावांच्या हातातली काठी खाली पडली. ते कठड्यावर दोन्ही हात टेकून म्हणाले, "मलाही होती रे. रोज होती." आणि मग त्यांनी काकांना कठड्यावरूनच मिठी मारली. काका आधी खांबासारखे उभे होते. पुढचं वाक्य त्यांच्या ओठांवर होतं, वहिनीने बोलावलं वगैरे. मला दिसत होतं. पण ते त्यांनी गिळलं, आणि हळूच भावाच्या पाठीवर हात ठेवला. वहिनींनी काठी उचलली, डोळे पुसले आणि माझ्याकडे बघून विचारलं, "तुम्ही कोण?" मी काय सांगणार? म्हटलं, "मी सामानाबरोबर आले."

सामान म्हटल्यावर मला एकदम कोट आठवला. धावत विमानात परत गेले. कोट कपाटात तसाच लोंबत होता, आणि मी तो खांद्यावर टाकला तर आतून खडखड आवाज. आतल्या खिशात चष्म्याचं घर, आणि घरात, चष्मा नव्हे, दोन्ही पंगती नीट एकावर एक! म्हणजे ट्रेवर हरवतील म्हणून काकांनी स्वतःच ते त्यात ठेवले होते, घर कोटात ठेवलं होतं, आणि ते साफ विसरून कोट माझ्या हातात दिला होता. 'हवामान' बाजूला उभं होतं. त्यांनी घरात डोकावून पाहिलं, आणि मी आजवर पाहिलं नव्हतं ते पाहिलं : बाई भिंतीला टेकून, पोट धरून हसत होत्या. मीही तिथेच एका सीटवर बसकण मारली. डोळ्यांत पाणी होतं आणि अंगावरून कोणीतरी ट्रॉली उतरवून घेतल्यासारखं हलकं वाटत होतं.

कोट घेऊन बाहेर गेले. काकांनी घर उघडलं, आत बघितलं, आणि लगेच खटकन बंद करून खिशात टाकलं. मला बाजूला घेऊन, भावाला ऐकू जाणार नाही अशा बेताने म्हणाले, "अको. आत्ता अको." आणि माझ्या डोक्यावर हात ठेवून भावाच्या शेजारून, रुमालाशिवाय, तोंडभर हसत चालू लागले. तक्रारीच्या खिडकीवरून ते दोघे सरळ पुढे गेले. काल मला नोकरीत पक्कं केल्याचं कळलं. बाईंनीच सांगितलं, आणि वर म्हणाल्या, "सूप मात्र सांभाळ."

मामींना नमस्कार, धाकट्याला आशीर्वाद, मांजराला लांबूनच.

तुमची,
आता पक्की झालेली भाची

ता.क. : काकांची कवळी सैल होत असल्यामुळे ती वरचेवर काढावी लागते, असं मागाहून कळलं. मी तुमच्या दवाखान्याचा पत्ता दिलाय. भावाला बरोबर घेऊन येणार आहेत. शिडीचं तेवढं विचारून घ्या, मला रात्रंदिवस तेच सतावतंय.

ता.क. दुसरा : पत्राला कारण नाही असं वर लिहिलंय ते खोटं आहे. मावशीकडच्या जेवणात तुम्ही सगळ्यांदेखत म्हणालात, "एवढी शिकून शेवटी पोरगी हवेत जाऊन ताटंच वाढतेय," आणि तेव्हापासून तुमचं आणि आईचं बोलणं बंद आहे. तुम्हाला वाटतं, हेच तर ती स्वतः मला रोज ऐकवायची, मग मी म्हटलं तर बिघडलं कुठे? मामा, ते आईने म्हणायचं असतं, मामाने नाही. मी तुमच्यावर रागावलेली नाही. पण तुमचा फोन आला की आई तो माझ्या हातात देते आणि बोलणं संपेपर्यंत त्याच खोलीत एकच चादर पुन्हा पुन्हा घडी घालत बसते. रविवारी मला सुट्टी आहे. या. काय बोलायचं ते ठरवून येऊ नका. तुमचे दात शाबूत आहेत, म्हणून मला जास्त काळजी वाटते.

ता.क. तिसरा : पाकीट चिकटवणार एवढ्यात आईने पत्र माझ्या हातातून ओढून घेतलं आणि उभ्या उभ्या सगळं वाचलं. काकांपाशी हसली. तुमच्यापाशी आल्यावर तिने चष्मा काढून पुसला, परत लावला आणि मला म्हणाली, "एवढं लांबण कशाला लावलंस? त्याला लिही, येताना जेवून येऊ नकोस."