शेवयांच्या दुकानाचा नंबर

माउंट होप, ओहायो
४ मार्च

चि. सलोमास, अ. उ. आशीर्वाद.

तुमच्या दोघींच्या शेवया सारख्या जाडीच्या झाल्या की मी मरायला मोकळी, असं आई एकदा म्हणाली होती. परवा पीठ लाटताना आठवलं. तुझ्या कायम जाड.

इलाय गेल्यापासून मज विधवेचं घर या अंड्याच्या शेवयांवरच चालतंय. आता शेजारच्या ॲना आणि फॅनीला पगारावर घेऊन शेडमध्ये दुकान काढतेय. पगार द्यायचा तर केंद्र सरकारचा कर क्रमांक हवा. टपालाने अर्ज पाठवला, तो परत आला. 'जबाबदार व्यक्ती' या रकान्यात मी लिहिलं होतं, 'आम्ही तिघी'. त्यांना एकच नाव हवंय. आपल्या आमिश लोकांत कोण स्वतःचं नाव असं पुढे करतं? बिशप म्हणाले, कर भरायलाच हवा, पण मिरवू नकोस. नंबर नाही तर दुकान नाही, आणि दुकान नाही तर शेत विकावं लागेल. तू हिशेबनिसाकडे काम करतेस, म्हणून विचारते.

तुझी, लोव्हायना

वूस्टर
१० मार्च

ती. ताईस, शि. सा. न.

पत्र वाचून ऑफिसात एकटीच हसले. अगं, सरकारला तुझा मोठेपणा नकोय, चौकशी कुणाकडे करायची तेवढं हवंय. आईचं आजारपण कुणी काढलं? इलायच्या मागे गाईंच्या धारा कोण काढतं? तेव्हा कुठे होत्या तुम्ही तिघी? लिही तुझं नाव.

इथल्या कॉम्प्युटरवर मी कॉफी होईपर्यंत नंबर काढला असता. पण बाप्तिस्मा घेऊन मग चर्चची मंडळी सोडलेल्या बहिणीच्या हातून, नियमच तसा म्हणून, तू काही घेणार नाहीस. म्हणून नवा अर्ज पाठवतेय, नाव सोडून बाकी पेन्सिलीने भरलेला. ॲनाला तो टेबलावर ठेवायला सांग. टेबलावरचं उचललेलं तरी चालतं ना?

तुझी जाड शेवयांची, सलोमा

माउंट होप
२ मे

चि. सलोमास, आशीर्वाद.

नंबर आला! तुझ्या पेन्सिलीवर शाई फिरवली. नाव लिहिताना मात्र कान तापले. फॅनी आता मला 'जबाबदार बाई' म्हणून हाक मारते.

शनिवारी दुकान उघडतेय, जेवायलाच ये. मंडळी सोडलेल्यांबरोबर एका टेबलावर जेवायचं नाही, म्हणून तुझं ताट वेगळ्या लहान टेबलावर असेल, रागावू नकोस. ते मोठ्या टेबलाच्या अगदी जवळ लावीन आणि दोन्हींवर आईची एकच चादर अंथरीन. खालची फट कुणाला दिसायची नाही.

तुझी, ताई

वूस्टर
५ मे

ती. ताईस, सा. न.

येते. चादरीखाली फट आहे हे आपल्या दोघींना माहीत असेल, पण जेवण गोड लागेल.

पहिलं पाकीट मी विकत घेणार. तू नाही म्हणून मान हलवशील, ते लिहितानाच दिसतंय. तरी मागते. टेबलावर ठेव म्हणू नकोस. पैसे माझ्या हातातून घे.

तुझीच, सलोमा