यादीतला पहिला पर्याय

सोमवार, ४ मार्च

आमचे कंपोनंट, म्हणजे अर्जांचे तयार सुटे भाग, एका फ्रेमवर्कमध्ये घालण्याचं काम संपलं. बटण, तारीख, पर्यायांची यादी — एकदा लिहायचं आणि प्रत्येक ॲपमध्ये तेच वापरायचं. यादी तर दोन वर्षं चार ठिकाणी चालू आहे, एक तक्रार नाही. साहेब म्हणाले, "बाई, आता तुम्ही नसलात तरी चालेल." कौतुकच असावं.

मंगळवार, ५ मार्च

धाकट्या जावेचं शुक्रवारी पित्ताशयाचं ऑपरेशन. आज रुग्णालयात नाव नोंदवून आली. कार्ड माझ्या नाकासमोर धरून म्हणाली, "जाऊबाई, तुमच्या कॉम्प्युटरने माझं रक्त बदललं हो. स्वभाव तेवढा राहिला."

कार्डावर ए पॉझिटिव्ह. ती बी निगेटिव्ह आहे. दोन्ही बाळंतपणांत त्यापायी धावपळ झाली होती.

"खिडकीवर रक्तगट विचारलाच नाही," म्हणते. तो अर्ज आमच्याच ॲपमधला आहे. मला हसू आलं नाही.

बुधवार, ६ मार्च

रुग्णालयाच्या आठ हजार नोंदी काढल्या. पाच हजारांवर ए पॉझिटिव्ह. यादीत पहिला तोच — कोणी काही निवडलं नाही की पहिला पर्याय आपोआप जतन होतो.

रुग्णालयाचं ॲप करणारीला सगळ्यांसमोर झापलं. ती हळूच म्हणाली, "मॅडम, यादीत कोणी काय बदललं ते बघा ना एकदा."

बदलांची नोंद उघडली. आधी यादीच्या डोक्यावर "निवडा" अशी ओळ होती. ती काढलेली. शेजारी शेरा — "रकाना रिकामा सोडण्याची सवय मोडावी." खाली नाव माझं. वाचनालयाच्या अर्जात लोक शहर भरत नव्हते म्हणून. तेवढ्यासाठी!

झापलं सगळ्यांसमोर, माफीही सगळ्यांसमोर मागितली.

गुरुवार, ७ मार्च

ओळ परत घातली. साहेब म्हणतात, गाजावाजा नको. "ऑपरेशनआधी रक्त तपासतातच ना? काम हातचं जाईल, बाई."

गेलं तर जाऊ दे, म्हटलं. ओळ परत घातल्याने जुन्या नोंदी खऱ्या होत नाहीत. रुग्णालयातल्या भूलतज्ज्ञांना स्वतः फोन केला, माझी चूक आहे हेही सांगितलं. माणूस शांत. "रक्तगट आम्ही कार्डावरून घेतच नाही. घाबरू नका."

दोन दिवसांत आज पहिल्यांदा धड जेवले.

शुक्रवार, ८ मार्च

जावेला आत नेण्याआधी भूलतज्ज्ञ बाहेर आले. "कोणत्या औषधाची ॲलर्जी आहे, तो रकाना? त्यालाही तीच यादी?"

तीच. पहिला पर्याय — "काही नाही". मी दोन दिवस नुसता रक्तगट धरून बसले होते.

"शुद्धीत नसलेल्यांची ॲलर्जी आम्ही कार्डावरूनच बघतो," ते म्हणाले. "आज सकाळपासून दोघे तसे आलेत." आणि वळून पळत गेले.