पेढ्यांच्या तीन बाटल्या

आये,

आज पुन्हा तुझा राग आला. तुला जाऊन इतकी वर्षं झाली, मी स्वतः आजी झाले, तरी हा राग काही जुना होत नाही. दुपारी दुकानात अन्न तपासणीचे साहेब आले होते. माझं दुकान म्हणजे महाडला घराचीच पुढची खोली. लाडू, चिवडा आणि पेढे विकते, तुझ्यासारखे नाहीत पण बरे. साहेबांनी नेमके पेढेच मागितले, त्यांचे तीन भाग केले, तीन बाटल्यांत भरले आणि सील करायला लाख वितळवायला घेतली. लाखेचा तो वास नाकात गेला आणि माझ्या हातातलं ताट खाली आपटलं. "मावशी, घाबरता कशाला? नेहमीची तपासणी आहे," साहेब म्हणाले. त्या पोराला काय सांगणार, की ते भीतीने नाही, संतापाने आपटलं, आणि तोही तुझ्यावरच्या?

तुझं दुकान पोलादपूरच्या बाहेर, आंबेनळीचा घाट चढायला लागायच्या आधी. गाड्या इंजिनात पाणी ओतायला तिथे थांबत, आणि गाडीचं पाणी होईतो माणसांचा चहा होई. बाबा गेल्यावर दोन म्हशी आणि ते छप्पर एवढंच आपल्याजवळ राहिलं होतं. मामा मुंबईहून सांगावे धाडायचा, की कशाला तिथे कुढत बसताय, इकडे या, माझ्या खोलीत राहा. तू म्हणायचीस, "भावाच्या घरात धा दिस बरं. अकराव्या दिशी भावजयीचं तोंड बगवत नाय." दुकान चाललं तर आपण आपल्या गावात, नाही तर मामाच्या खोलीत. मधला रस्ता नव्हता. म्हणून तू लोखंडी कढईत खवा आटवत बसायचीस, पेढे वळून पळसाच्या पानात बांधून द्यायचीस, आणि घाटावरचे ड्रायव्हर घरी न्यायला मुद्दाम मागून घ्यायचे.

मग भेसळीचा नवा कायदा आला, आणि खाण्याचं विकायला परवाना लागू लागला. कायदा वाईट होता असं मी आजही म्हणणार नाही. तिखटात विटेची भुकटी आणि दुधात ओढ्याचं पाणी घालणारे तेव्हाही होतेच. पण त्यांचे परवाने चौकटीत बसून भिंतीवर लागले आणि आपली मात्र वणवण सुरू झाली. पोलादपूरला विचारलं की महाडला जा, महाडला गेलं की साहेब फिरतीवर आहेत, साहेब भेटले की अर्जाला अमुक जोडलेलं नाही. सातवी पास झालेली मी, त्यामुळे सगळे हेलपाटे माझ्याच पायांना. एकदा सांगितलं, डॉक्टरचा दाखला आणा. तो आणला तर म्हणे धूर जायला धुराडं हवं. धुराडं केलं तर म्हणे शेणाने सारवलेली जमीन चालणार नाही, फरशी घाला. तू पेटीतली नथ मोडून शहाबादी फरशी घातलीस. आणि तपासणीला माणूस यायचा त्या दिवशी सकाळी, साहेब येणार म्हणून, नव्याकोऱ्या फरशीवर झकास शेणाचा सडा घालून वर रांगोळी काढलीस! तो माणूस दारातूनच परत फिरला. मी डोकं धरून बसले, आणि तू मलाच विचारत होतीस, "आता काय चुकलं गो?"

पुढच्या खेपेला मी स्वतः फरशी धुतली. सगळं जमलं. साहेब खूश दिसले. म्हणाले, आता फक्त पेढ्यांचा नमुना प्रयोगशाळेत जाईल, तो चांगला निघाला की परवाना मिळालाच म्हणून समजा. तीन बाटल्या मांडल्या. एक प्रयोगशाळेची, एक त्यांच्या कचेरीची, एक आपल्याकडे ठेवायची. तू पेढे भरलेस. साहेब चहा प्यायला वळले, मी कागदांवर सह्या करत होते. मग त्यांनी बाटल्यांना लाख लावली, तुझा अंगठा घेतला, आणि तिन्हीसांजेच्या एसटीने ते महाडला गेले. त्या रात्री तू मला साखर घालून साय दिलीस. आपण दोघी सुखाने झोपलो.

निकाल आला तो असा, की नमुन्यात कोळसा सापडला. पेढे अशुद्ध, परवाना तर नाहीच, वर खटला. मी चरफडले. साहेबांनीच काहीतरी घोळ केला असणार म्हणून गावभर सांगत सुटले. महाडच्या वकिलांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "काळजी करू नका. तुमच्याकडची बाटली सीलबंद आहे ना? कोर्टाला सांगून ती तपासायला पाठवू. ती चांगली निघाली की सुटलात." मला हायसं वाटलं. तेवढ्यात तू पदर सावरत म्हणालीस, "तिच्यात पण हाय."

"काय आहे?" वकील म्हणाले.

"कोळसा. तिगींत घातलाय. कुठली घरी ऱ्हानार नि कुठली जानार, मला काय ठावं?"

"पण कशाला?" मी ओरडलेच. आणि तू शिकल्यासवरल्या माणसांना एवढंही कळू नये म्हणून वैतागलीस. "दुधाचं जिन्नस तिन्हीसांजंला उंबऱ्याभायेर धाडायचं, ते पन घाटाखालच्या वढ्यावरनं, नि कोळसा नाय घालायचा? वाटंत कायबाय मागं लागलं असतं मंजे? सायबाला पन पोरंबाळं असतील ना?"

म्हणजे तू साहेबांना जपत होतीस, आये! ज्याच्या एका सहीवर आपलं घर टांगलेलं होतं, त्याला भुताखेतांची बाधा होऊ नये म्हणून तू आपल्या परवान्यात कोळसा घातलास. मला हसू येत नव्हतं. आजही येत नाही.

तरीही वकिलांनी वाट काढली. कोर्टात एवढंच म्हणायचं, की चुलीवरचं काम, निखारा उडून पडला असेल, माफी असावी. समज देऊन सोडतील, परवान्याचंही बघता येईल. महाडला जाताना एसटीत मी तुझ्याकडून ते वाक्य घोकून घेतलं. तू मान हलवत होतीस. मग कोर्टात तू उभी राहिलीस आणि न्यायाधीशांनी विचारलं, "बाई, हा कोळसा चुलीतून उडून पडला का?"

तू ताठ झालीस. मला ती तुझी मान आताही समोर दिसते. "माज्या चुलीतलं काय उडून पडत नाय सायेब. माजं काम सोच्छ हाय. मी हातानं घातलाय."

झालं. दंड झाला, अर्ज फेटाळला गेला. म्हशी विकल्या, छप्पर उतरवलं, आणि आपण मामाच्या खोलीत गेलो. तिथे अकरावा दिवस यायला अकरा दिवससुद्धा लागले नाहीत. तू लोकांच्या घरी पोळ्या लाटल्यास. कधी खवा आटवला नाहीस, कधी घाटाचं नाव काढलं नाहीस, आणि त्याच खोलीत डोळे मिटलेस. मी लग्न होऊन महाडला परत आले, तू नाही आलीस. मला याचाच राग येतो. एक वाक्य, आये. तुझी चूल घाणेरडी आहे असं कोणाला खरंच वाटणार नव्हतं. तेवढं एक वाक्य तुझ्या तोंडून निघालं असतं, तर तू तुझ्या दारात म्हातारी झाली असतीस.

हे सगळं लिहून काय करणार आहे मी? पाठवायचं कुठे? घडी करून कपाटात तुझ्या लुगड्याखाली ठेवून देईन. कोणी वाचलं तर म्हणेल, म्हातारी मेलेल्या आईशी भांडते.

पण एक सांगायचं राहिलं. माझा असल्या गोष्टींवर काडीचाही विश्वास नाही, हे तुला माहीत आहे. साहेबांचं काम आवरेपर्यंत बाहेर दिवेलागण झाली होती. पोरगा नवा दिसत होता, आणि इथून पुढे पोलादपूरला जाणार होता. तो हात धुवायला गेला तेव्हा मी शेगडीतला विझलेला एक तुकडा उचलला आणि त्याच्या पिशवीच्या बाहेरच्या कप्प्यात सरकवला. बाटलीत नाही, आये. पिशवीत.