हेल्मेटसकट हजर

मंगळवार, सीवूड्स

आज बेलापूरच्या कोर्टात सईच्या पोटगीची तारीख होती आणि तिच्या बाबाचा, निखिलचा, पत्ताच नाही. माझ्या वकीलबाई खूश. म्हणाल्या, "आला नाही तर एकतर्फी ऑर्डर मागू. आपलं काम सोपं."

सोपं कसलं डोंबलाचं! एकत्र होतो तेव्हा सारखा म्हणायचा, तू मला बोलूच देत नाहीस. आता तेच पुन्हा, कोर्टाचा शिक्का मारून? मीच उठून जजमॅडमना म्हटलं, "उलव्याहून यायचंय त्याला, पोचेलच. त्याचंही ऐकून घ्या ना." वकीलबाईंनी कपाळाला हात लावला.

तेवढ्यात हा धापा टाकत आत. डोक्यावर हेल्मेट तसंच! शिपाई ओरडला तेव्हा काढलं. मॅडमनी विचारलं, तुमचं म्हणणं काय? मला वाटलं, आता भांडणार. तर म्हणाला, "ती मागतेय ते बरोबर आहे. फक्त रविवारी सईला माझ्याकडे पाठवू दे." मी लगेच हो म्हटलं. इतकी घाई का केली मी? ते हेल्मेट काही डोळ्यांपुढून हलेना.

जेवताना सईनं नेहमीचं विचारलं, "बाबानं हेल्मेट घातलं होतं ना?"

म्हटलं, "हो गं, जजबाईंसमोरसुद्धा."