माजी अध्यक्षांवर केस होत नसते

२१ जून, शुक्रवार

जेवून जरा आडवी होते तर तल्हाचा फोन. तल्हा म्हणजे आमच्या इथल्या, सौदीतल्या हुफूफच्या कोकण मंडळाचा सेक्रेटरी. शेंबडा होता तेव्हापासून ओळखते. म्हणे, खाला, सफूरा शुर्ताकडे चाललीय, तुमच्यावर तक्रार करायला. पोलिसांत! माझ्यावर! म्हटलं, काय चोरलं मी तिचं? म्हणे, मोबाइल लपवलात.

लपवला म्हणे. ईद मिलनच्या आदल्या दिवशी श्रीवर्धनहून मला निरोप आला, सफूराची आई गेली. मला का? कारण तेव्हा महिला मंडळाची प्रेसिडेंट मी. आणि मंडळाचा नियम आहे, मीच केलेला, टाळ्या वाजवून पास झालेला. आधी तिकीट, मग बातमी. इथे बसून बातमी ऐकली की माणूस नुसतं भिंतीवर डोकं आपटतं, हाताला काही लागत नाही. म्हणून चार्जिंगला लावते सांगून तिचा मोबाइल घेतला आणि तांदळाच्या पिंपात ठेवला. दुसऱ्या दिवशी कार्यक्रम उरकल्यावर परत दिला. बातमीही दिली, नीट, जवळ बसवून. तिकीट काढायचं तेवढं राहिलं. गडबड होती.

त्या दिवशी कार्यक्रमाची सांदणं सफूराच्या हातची होती, हा विषय वेगळा. कोणी जोडू नये.

बाई गावाला जाऊन चाळिसावा करून आली आणि आता हे. कोणीतरी कान भरले.

ठरवलं. माफी मागायची नाही.

२२ जून

बीपी वाढलंय. आजपासून मीठ बंद, मंडळाचा ग्रुप बघणं बंद, सफूराचं नाव काढणं बंद.

दुपारी ग्रुप बघितला. कोणी काही लिहिलं नाही. हेच वाईट.

२५ जून, मंगळवार

टीव्हीवर अमेरिकेचं चाललंय. माजी प्रेसिडेंटवर फौजदारी केस चालवावी की नाही, असं तिथल्या मोठ्या कोर्टापुढे आहे. मी पंखा बंद करून ऐकलं. एवढ्या मोठ्या देशाला प्रश्न पडलाय आणि तल्हाला पडत नाही.

अरवाला विचारलं. माझी मुलगी, बारावीला, मराठीत विचारलं तर इंग्लिशमध्ये बोलते. म्हणाली, मम्मा, नोबडी इज अबव्ह द लॉ. मी म्हटलं, मराठीत सांग. म्हणाली, चूक केली तर सगळ्यांना विचारायचं. मी म्हटलं, मग प्रेसिडेंट व्हायचं कोणी? उद्या विचारतील म्हणून आज हात बांधून बसायचं? मी तीन वर्षं हात बांधून बसले असते तर हॉल कोणी बुक केला असता?

म्हणाली, हॉल इज नॉट द पॉइंट.

चौथी शिकलेय मी, बाणकोटच्या उर्दू शाळेत, मराठी नंतर घरीच पेपर वाचून. पण पॉइंट मला कळतो.

भावाचा फोन होता. अम्माला ताप आहे. पावसाळ्यात येतोच.

२८ जून, शुक्रवार

मेहनाजच्या घरी मीटिंग. आता प्रेसिडेंट ती. खुर्चीत अशी बसली होती, जसं काय कोणी गोंदाने चिकटवलीय. मी पक्कं करून गेले होते, आवाज चढवायचा नाही.

पहिल्याच मिनिटाला चढला. मी म्हटलं, खुर्चीत बसून केलं ते खुर्चीने केलं, मासूमाने नाही. खुर्चीला हातकड्या घालणार का? श्रीकांतभाऊ हसले. हॉस्पिटलात लॅबमध्ये आहेत, जेवण असेल त्या मीटिंगला येतात. म्हणाले, आपा, खुर्ची तर मेहनाजकडे आहे, मग तिला घालायच्या का? सगळे हसले. मेहनाज नाही हसली.

तल्हा मान खाली घालून म्हणाला, खाला, केस नोंदली तर प्रवास अडकतो, सुट्टीत गावाला जायचं असेल तर आत्ताच मिटवा. दोन शब्द बोला सफूराशी. ती कोपऱ्यात बसली होती. शाळेत आया आहे, तसाच निळा कोट घालून आली होती. मी म्हटलं, बोल, काय झालं तुझं? मयत तर दुपारीच दफन झालं. फोन हातात असता तरी तू काय उडून जाणार होतीस?

ती हळू बोलते, कान द्यावा लागतो. म्हणाली, आपा, माझ्या भावाने गुसलची आंघोळ झाल्यावर आईच्या तोंडावरचं कापड उघडं ठेवलं होतं. फोन लावत होता. व्हिडिओवर मी बघेन म्हणून. मौलवी ओरडले, वळवाचा पाऊस यायला लागला, तरी थांबला. मग झाकलं.

एवढंच. मेहनाजने चहा आणला, साखर विसरली.

सफूरा रविवारी पोलिसांत जाणार. जाऊ दे.

पाऊस यायला लागला, हे मला कोणी सांगितलं नव्हतं.

२९ जून

अम्माचा फोन लागत नाही. भाऊ म्हणतो, वारा सुटलाय, रेंज नाही. बाणकोटला रेंज कधी होती?

२ जुलै, मंगळवार

जिंकले!

काल तिथल्या कोर्टाने सांगितलं. माजी प्रेसिडेंटला सूट आहे. अरवा मध्येच म्हणाली, मम्मा, पूर्ण नाही, ऑफिशियल कामाला, प्रायव्हेटला नाही. मी म्हटलं, तेच तर. माझं प्रायव्हेट काय होतं त्यात? निरोप मंडळाला आला. नियम मंडळाचा. तांदूळ मंडळाचे. पिंपसुद्धा मंडळाचं, त्यावर रंगाने लिहिलंय.

अरवा म्हणाली, अँड द सांदण?

चहा करायला उठले.

तल्हाला फोन करून कोर्टाचं सांगितलं. म्हणाला, खाला, ते अमेरिकेचं आहे. मी म्हटलं, न्याय सगळीकडे एकच.

३ जुलै, बुधवार

आता खरंच जिंकले. तल्हा सकाळी घरी आला, कामावर न जाता. सफूराने रविवारी केलेली तक्रार मागे घेतली. मी विचारलं, का? म्हणाला, असंच. बघितलं? घाबरली. कोर्टाचं कानावर गेलं असणार. तल्हा पाणीसुद्धा न पिता गेला. जाताना माझ्या डोक्यावर हात ठेवला, त्याच्या वयाला शोभत नाही.

अरवाचे अब्बाही बदललेत. मोहियुद्दीन म्हणजे एका खजुराच्या फॅक्टरीत स्टोअरकीपर, आजवर मला मागितल्याशिवाय रुमाल दिला नाही. आज दुपारीच घरी आले. माझ्या मोबाइलचा डिस्प्ले गेलाय म्हणाले, बदलून आणतो. मी म्हटलं, बरा आहे. नाही म्हणाले, गेलाय. घेऊन गेले. संध्याकाळी म्हणाले, शुक्रवारचं तिकीट काढलंय, गावाला जाऊन ये. मी म्हटलं, सुट्टीत सगळे मिळून जाणार होतो ना? म्हणाले, तू आधी जा, अम्माला बघून ये. बोलताना दाराकडे बघत होते.

इतक्या वर्षांनी बायकोची किंमत कळली. केस जिंकली की घरातही वजन वाढतं.

मोबाइल आला नाही. दुकान बंद होतं म्हणे.

४ जुलै, गुरुवार, दुपार

विजयाची सांदणं केली. मोठ्या मनाने सगळ्यांना वाटायची, सफूरालाही. फुगली नाहीत. आंबवण कमी पडलं असेल. तशीच डब्यात भरली.

मेहनाजने डबा घेतला आणि मला मिठीच मारली. रडत होती. शरमली असेल. मी म्हटलं, जाऊ दे, मी मनात ठेवत नाही. तशी जास्तच रडायला लागली. श्रीकांतभाऊंनी दारातच एक तुकडा तोंडात टाकला, छान आहे म्हणाले. या माणसाने आजवर चेष्टेशिवाय शब्द बोललेला नाही. सांदण दगडासारखं होतं.

सफूराच्या दाराला कुलूप होतं. डबा हँडलला अडकवून आले.

सगळे किती गोड वागतात. प्रेसिडेंट होते तेव्हा असे वागले नाहीत.

तीच तारीख, संध्याकाळी मगरिबनंतर

सफूरा आली. डबा परत घेऊन, न उघडता.

मी म्हटलं, बस. ती उभीच राहिली. म्हणाली, आपा, सगळे म्हणाले सांगू नकोस, तिकीट उद्याचं आहे, विमानतळावर सांगू. तुमचाच नियम म्हणाले. मला ते जमत नाही. मंगळवारी रात्री तुमच्या अम्मा गेल्या. काल सकाळी दफन झालं.

काल सकाळी मी जिंकले होते.

मी अरवाच्या अब्बांना हाक मारली. ते स्वयंपाकघरात उभे होते, आधीपासूनच. मी विचारलं, माझा मोबाइल कुठे? खिशातून काढला. डिस्प्ले तोच होता. म्हणाले, आधी तिकीट, मग बातमी. तूच. फोन माझ्या हातात ठेवला.

मी खूप ओरडले. तल्हाला आत टाकीन म्हटलं, मेहनाजला टाकीन, सगळ्यांना टाकीन. माझी अम्मा, माझा फोन, तुम्ही कोण ठरवणारे? अरवा दारात उभी होती.

सफूरा माझं ओरडणं संपेपर्यंत थांबली. मग म्हणाली, केस मागे घेतली ती तुमचा प्रवास अडू नये म्हणून. तुम्हाला माफ केलं असं समजू नका. आणि तुमच्या भावाला मी सांगून ठेवलं होतं, तोंड झाकायच्या आधी एक फोटो काढून ठेव. त्याने पाठवलाय. तुमच्या फोनमध्ये टाकलाय. बघावासा वाटला तर बघा.

माफी मागायला तोंड उघडलं. तोंडातून आलं, चहा घेशील?

नको म्हणाली.

५ जुलै, शुक्रवार, दम्माम विमानतळ

फोटो अजून बघितला नाही. मुंबईहून बाणकोटपर्यंत वेळ आहे, तेव्हा बघीन.

इथे बायकांच्या नमाजच्या खोलीत जागा मिळाली. नमाज पढून दुआला हात उचलले. अम्मासाठी मागितली, नाव घेऊन. मग सफूराच्या आईसाठी मागायला गेले.

तिचं नाव मला माहीत नाही. निरोपात नुसतं सफूराची आई होतं, आणि मी विचारलं नव्हतं.